टाळूचा वास

"वहिनी, ज्या लाकडाची जात कळंना, त्याचा पाळणा करू नये," भिमाजी सुतार म्हणाले होते. मी ते हसण्यावारी नेलं आणि त्यांच्याकडूनच पाळणा करून घेतला.

सासऱ्यांचं जुनं कपाट मोडून फळ्या निघाल्या होत्या. भिमाजींनी एका फळीवर रंधा मारला, निघालेली ढलपी ओली करून हुंगली. "साग न्हाई, शिसव न्हाई. बघा तुमीच."

मी हुंगली. खोबरेल, दूध, कोवळा घाम. माझ्या सिद्धीच्या टाळूचा वास. माझेच हात तेलकट असतील, म्हटलं.

सिद्धी त्या पाळण्यात शांत झोपू लागली. हळूहळू रडेनाशीच झाली. "लई गुणाची पोर," सासूबाई सगळ्यांना सांगत.

आज तिला न्हाऊ घालून टाळू हुंगली, तर नुकताच रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला. पुन्हा साबण लावला, तेल जिरवलं. तोच वास. रिकाम्या पाळण्याला मात्र दुधाचा वास येतोय.

सिद्धीची शांत झोप पाहून भिमाजींनी उरलेल्या फळ्यांचा आपल्या नातीला पांगुळगाडा केलाय. ते फोन उचलत नाहीत. त्यांच्या गावात, पिंपळवंडीत कुणी असाल, तर आत्ताच त्यांच्या घरी जा. त्या पोरीला उचलून घ्या आणि तिची टाळू हुंगून बघा.