पालवी फुटलेला तंबोरा

चैत्र लागला, की मिरजेत तंबोरे जुळवून देणाऱ्या दिलावरचाचांचा जीव मेटाकुटीला येई. तुणीच्या झाडांवर आता थेट जिवंत तंबोरेच वाढत. त्यांचा नाद सगळ्यांना हवा असे, पालवी मात्र कुणालाच नको. कारण ती फुटली, की लावलेला सूर गाता गाता वर चढे.

"चाचा, संध्याकाळी माझी पहिली मैफल आहे. छाटा ना ही पानं!" देवयानी रडकुंडीला आली होती.

"छाटली, की लाकूड मरतं, बेटा. मग टोप्या अडकव त्याला."

"मग गाऊ कशी?"

"तो चढेल तशी तूही चढ. त्याला खाली ओढून ओढून मी दमलो."

देवयानीने बिचकत षड्ज लावला. तंबोरा चढला, मागोमाग तीही चढली. चाचा तेवढे खाली बसले; कितीतरी वर्षांनी, नुसते ऐकायला.