उलटी चार पानं

"मारून टाकला! सरळ मारून टाकला गाढवांनी!" धाकट्याने मोबाइल उशीवर आपटला.

खाटेशेजारी बसून ताई नखांतला रंग खरवडत होती. दुकानांच्या पाट्या रंगवणारीची नखं कधी स्वच्छ नसतात. घटकाभरात त्याला हृदयाच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, आणि पठ्ठ्याने मालिकेचा शेवट बघायला नेमका आजचा दिवस शोधला होता.

"नको बघूस म्हणत होते ना मी?"

"अगं, बाकी मालिका झकास! नट थेट मांगाच्या पुस्तकातून उचलून आणलाय. तेच पडलेले खांदे, तीच मोडकी छत्री. पण पुस्तकात डिटेक्टिव्ह धरणात बुडतो आणि वर येतो. इथे बुडाला तो बुडालाच!"

रक्तदाब मोजणाऱ्या नर्सने विचारलं, "मांगा म्हणजे ते उजवीकडून डावीकडे वाचायचं जपानी चित्रांचं पुस्तक ना?"

झालं! गड्याला हुरूप चढला. उशीखालून जीर्ण पुस्तक निघालं. नवव्या वर्षी तो असाच अंथरुणाला खिळला होता, तेव्हा ताईने ते रद्दीवाल्याकडून आणलं होतं. तेही आधी स्वतःकडे दाबून ठेवलं, आणि त्याने रडून घर डोक्यावर घेतल्यावर दिलं.

"हे बघा. अख्खं पुस्तक उजवीकडून डावीकडे. तो बुडतो, आणि शेवटची चार पानं एकदम उलटी, डावीकडून उजवीकडे! शब्द एक नाही. मेलेला माणूस परत आणायचा म्हणून काळच उलटा फिरवलाय. कागदसुद्धा जाड वापरलाय, खर्चाला मागेपुढे पाहिलं नाही. आहे का मालिकावाल्यांची ही छाती?"

"कुठली असायला," नर्स हसत म्हणाली.

"तू आपला पुस्तकावर विश्वास ठेव," ताई म्हणाली. "मालिकावाले काय, वाट्टेल ते दाखवतात."

स्ट्रेचर आलं. पुस्तक आत नेता येणार नव्हतं. त्याने ते तिच्या हातात दिलं. त्याची बोटं गार पडली होती.

"घाबरलास, होय रे?"

"थोडासा." दाराशी त्याने स्ट्रेचर थांबवायला लावलं आणि तिला खुणेने जवळ बोलावलं. "ताई, मी येईपर्यंत मालिकेचाही शेवट बदलून ठेव. फक्त या वेळी पानं उजवीकडून डावीकडे काढ."