मातीची भाकर

पंचावन्न साली मंगरूळपीरला सुतारकामाचा वर्ग निघाला. तिथल्या मास्तरांची एक रीत होती. कुठलीही मूठ घडवायच्या आधी, ती ज्याच्यासाठी असेल त्याच्या हातात ओली माती दाबून आणायची. सोमलाला आपल्या आईच्या जात्यासाठी खुंटा करायचा होता. तिची बोटं आखडल्यापासून जुना बारीक खुंटा हातून सुटायचा आणि तांड्यावरच्या घरात जातं मुकं पडून होतं. पहाटे त्यानं मातीचा गोळा तिच्या हातात ठेवला. "याडी, दाब." ती अर्धवट झोपेत होती. तिनं गोळा तळहातावर घेतला आणि हळूहळू थापत राहिली, जणू स्वप्नातला तवा तापला होता. वर्गात सगळ्यांनी मातीच्या मुठी मांडल्या, सोमलानं भाकर मांडली. सगळे हसले. "हे काय होय रे?" मास्तरांनी विचारलं. "मी दाब म्हनलं जी, तिनं थापली." मास्तरांनी ती भाकर खिडकीतल्या उन्हात धरली. बोटांचा ठसा कुठंच नव्हता. तळहाताचा मात्र खोल उमटला होता. "सोमला, तिले मूठ नोको. तयहात टेकीन असं काई कर." सोमलानं बाभळीचा खुंटा केला, वर रुंद आणि गोलसर. याडीनं डोळे मिटूनच त्यावर तळहात टेकवला. जातं फिरलं. पीठ धुक्यासारखं भोवती जमू लागलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हा खुंटा मले ओयखते."