अख्खं तिकीट
जुन्या तिकिटाचं फाडलेलं अर्धुक दाखवील त्याला रॉक बँडच्या नव्या कार्यक्रमाची दोन तिकिटं आधी मिळणार होती, म्हणून खिडकीवर झुंबड उडाली होती. लेकीसोबत आलेल्या बाबांनी बत्तीस वर्षं जपलेलं तिकीट पुढे केलं. “हे अख्खंच आहे,” खिडकीतली बाई म्हणाली. “म्हणजे तुम्ही आत गेलाच नाहीत.” लेक चक्रावली. ड्रमरची काठी मोडून पहिल्या रांगेत पडली, हे बाबांनी तिला शंभरदा रंगवून सांगितलं होतं. “ते तुझ्या आईने पाहिलं,” बाबा पुटपुटले. “तुला तान्हीला आत सोडेनात. मध्यंतरात आम्ही अदलाबदल करणार होतो. ती शेवटपर्यंत बाहेर आलीच नाही.” “पण आईला तर गोंगाट सोसत नाही.” “तेव्हापासून तसं म्हणते.” बाईने तिकीट घेऊन टर्रकन फाडलं. “आता नियमात बसतं. नावं?” “बाबांचं आणि आईचं,” लेक म्हणाली. “यंदा बाहेर मी थांबते.”