चुन्नीलाल वाकले

रामबाई मशीनसमोर उभी राहिली आणि दांडा थेट तिच्या हनुवटीला लागला.

"अगे माय! हे ढकलू का चावू?"

चिखलातल्या साऱ्या बाया खो खो हसल्या. तिच्या लेकीला, ओमेश्वरीला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं. धानरोवणीची, म्हणजे भातलावणीची, ही मशीन तिच्या गोंदियाच्या कॉलेजातल्या आणि हॉलंडच्या पोरापोरींनी मिळून बनवली होती. कशासाठी? तर बायांची कंबर वाचावी म्हणून. आणि दांड्याचं माप घेतलं कुणाचं? वर्गातल्या सगळ्यात उंच लोकेंद्रचं! बाईचं माप घ्यावं हे एकालाही सुचलं नाही. टेपचं दुसरं टोक तर खुद्द ओमेश्वरीने धरलं होतं.

शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, हॉलंडच्या प्राध्यापक योहाना मॅडम कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. त्यांची अट साधी होती. मशीन पास की नापास, हे रोवणाऱ्या बाया ठरवतील. नापास झाली, तर ओमेश्वरीचं हॉलंडचं सेमिस्टर गेलं.

"सरका बाजूले!" तिचे बाबा, चुन्नीलाल, पँट दुमडत बांधीत, चिखलाच्या खाचरात, उतरले. "मशीन का बायायचं काम आहे?"

जन्मात त्यांनी रोवणीला हात लावला नव्हता. चिखल करायचा माणसांनी, वाकून रोवायचं बायांनी, हीच बिरसी गावाची रीत. पण मशीन म्हटल्यावर शेजारचे बकाराम आणि मनिरामही धावले. बाया निवांत धुऱ्यावर जाऊन बसल्या.

मशीन खडखडत निघाली. मागे बघतात तर काय, एक रोप उभं, दोन आडवी, पुढे हातभर नुसता चिखल!

"बाबा, थांबवा! फेल आहे ते!"

"फेल कशी होईल? पाहुण्या पाहून राहिल्या ना!"

चुन्नीलालनी रिकाम्या जागेकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि वाकले. एक रोप लावलं. मग दुसरं. गावाच्या इज्जतीचा सवाल होता! बकाराम वाकले, मनिराम वाकले. पाहता पाहता मशीन पुढे आणि गावातली माणसं मागे ओणवी. बकाराम तर तोंडावरच आपटले.

"सरळ रोवा ना जी, भाऊजी!" बाया टाळ्या पिटत ओरडल्या. रामबाईला हसता हसता ठसका लागला. ओमेश्वरीही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

बांधी संपली. मॅडमनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि ओमेश्वरीचं हसू विरलं. खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं.

"आई, मशीन बराबर नाही चालली, हे मी मॅडमले सांगून टाकलं. आता त्या तुले विचारून राहिल्या. पास का नापास? अन् काय काय सुधरवाचं?"

कमरेवर हात ठेवून कण्हणाऱ्या नवऱ्याकडे रामबाईने मन भरून बघितलं.

"पास! अन् मॅडमले सांग, सुधरवाले हातही नोका लावू. दरसाल अशीच पाठवा."