इनासच्या शर्टाचा तुकडा

"हा इनासचा नव्हे," कॉन्सूमायने तुकडा नाकाशी धरून सांगितलं आणि तो सुनेच्या मांडीवर परत टाकला.

म्हातारीला डोळ्यांनी जेमतेम दिसायचं, पण कापड तिला बोटांनी आणि नाकाने कळायचं. तो निळ्या चौकड्यांचा तुकडा रेजिनने हल्याळच्या बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग उपसून शोधला होता. नवऱ्याच्या शर्टासारखा हुबेहूब. सासूला वास घेऊ द्यायला नको होता, एवढंच चुकलं.

"हा सुती. त्याचा टेरिकॉटचा," म्हातारी म्हणाली. "आणि ह्याचा मालक साबण लावून आंघोळ करणारा दिसतो."

ओसरीवर हशा पिकला. शेजारची दुमिंगा म्हणाली, "त्या टेरिकॉटला मरण नाही गो. इनास जाईल, शर्ट राहील."

रेजिनही हसली, सगळ्यांच्या जराशी मागाहून.

बेनिता तेवढी हसली नाही. दिवस भरत आलेली रेजिनची ही लेक खांबाला टेकून बसली होती. तिचं पहिलं बाळ आठवडाभरही टिकलं नव्हतं. त्याचं कवंद शिवून व्हायच्या आत ते दवाखान्याच्या टॉवेलातच गेलं. सिद्द्यांच्या त्या वाडीत बाळाच्या गोधडीला, म्हणजे कवंदाला, घरातल्या प्रत्येकाच्या कपड्याचा तुकडा लागायचा. ज्याचा नसेल त्याच्या बाजूने बाळाला थंडी शिरते, असं कॉन्सूमायचं म्हणणं. डॉक्टरने दुसरंच काहीतरी कारण सांगितलं होतं. बेनिताच्या लक्षात आजीचं राहिलं. बाबाचा तुकडा नसेल तर ह्या खेपेला बाळाला कवंदात घालणारच नाही, असं तिने सांगून टाकलं होतं.

अडचण एवढीच की इनासने मागे काही ठेवलंच नव्हतं. दोन पावसाळ्यांपूर्वी तो गोव्याला बोटीवर कामाला गेला, असं रेजिन सगळ्यांना सांगायची. जाताना लुंग्या नेल्या, टॉवेल नेला, भांडी पुसायची फाटकी बनियनसुद्धा नेली.

"एवढे कपडे त्याच्याकडे होते कधी?" दुमिंगा विचारायची.

एकदा एक पोलीसही चौकशीला आला होता. रेजिनने त्याला घरामागची केळी खाऊ घातली. इनास गेला त्याच पावसात लावलेली ती केळ, पण घड असे धरायची की वाडी जळायची. पोलिसाने चौकशी तिथेच संपवली आणि उरलेला घड घरी नेला.

इनासच्या नावाने कोणी फारसं रडलंही नाही. तो होता तेव्हा त्या घरात माणसं फार पडायची. कॉन्सूमाय पडली, तिचं डावं मनगट वाकडंच जुळलं. रेजिन पडली, पुढचे दोन दात गेले. बेनिता तर लग्नाच्या आदल्याच दिवशी पडली. तो गेल्यावर जमीन तीच, उंबरा तोच, पण कोणी पडेना.

तरी बाप तो बाप.

कवंद कडेपासून शिवत शिवत, फिरत फिरत आत येतं. रेजिनच्या लग्नाच्या साडीचा काठ लागला, बेनिताच्या शाळेच्या फ्रॉकचा घेर लागला. जावयाची ड्रायव्हरची खाकी लागली आणि इगर्जीतल्या वेदीच्या जुन्या पडद्याची मखमलही. मधे तळहाताएवढी जागा उरली. म्हातारी ती बुजवेना. बेनिता येता-जाता त्या जागेवर हात ठेवून आईकडे बघायची, आणि रेजिन म्हणायची की निरोप धाडलाय, येईल काहीतरी.

बाजारातला तुकडा नापास झाला त्या संध्याकाळी बेनिताने पिशवी भरली. सोमवारच्या गाडीने गोव्याला जाते, म्हणाली, एकेक बोट बघते.

"अशा पोटाने?" रेजिनने विचारलं.

"मग तू शोधून दे."

रेजिन चूल फुंकायला वळली. कोपऱ्यात म्हातारी सुई पुसत होती.

सकाळी कॉन्सूमाय अंथरुणात नव्हती. ती घरामागून आली, कोपरापर्यंत मातीने माखलेली.

"सुरण काढत होते," ती म्हणाली. हातात सुरण नव्हता.

"मिळाला नाही?"

"मिळाला. राहू दिला तिथंच."

मग ती दगडावर बराच वेळ काहीतरी घासत बसली.

दुपारी बेनिताची हाक आली म्हणून रेजिन धावली. कळा लागल्या असं तिला वाटलं. बेनिता जमिनीवर बसली होती, कवंद गालाशी धरून. मधली जागा बुजली होती. निळ्या चौकड्या, टेरिकॉट. खिशाच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा रफू, म्हातारीच्याच हातचा.

"आजीला सापडला," बेनिता हसत हसत रडत होती. "मातीचा वास येतोय गो, माय."

"तुझ्या बापाला तो कायम यायचा," कॉन्सूमाय म्हणाली. "माझ्या पेटीत होता, तळाशी."

बेनिताने भरलेली पिशवी उपडी केली आणि आत जाऊन कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

रेजिन उंबऱ्यातच उभी होती. इनास गेला तेव्हा हाच शर्ट त्याच्या अंगात होता. पोलिसालाही तिने तेच सांगितलं होतं, आणि तेवढं खरं होतं.

"बस," म्हातारीने कापडाचे चार दुमडलेले त्रिकोण तिच्यापुढे सरकवले. "कोपऱ्यांना फुलं नसली तर कवंद नागडं दिसतं. तू लाव. माझं मनगट आज ठणकतंय."

रेजिन बसली. दोरा काही केल्या सुईत जाईना. म्हातारीने सुई तिच्या हातातून घेतली, चाचपून एका झटक्यात ओवली आणि परत दिली.

"खड्डा आणखी हातभर खोल घ्यायचा होतास गो," ती हळूच म्हणाली. "आज घेतलाय मी."