थोरलीचा लग्नातला पोशाख

धाकटीच्या लग्नाच्या दिवशी तिचा पोशाख भर पाहुण्यांत पाठीवर उसवला, तेव्हा थोरली जाऊ मोठ्यांदा म्हणाली होती, “पोतं फुटलं गं बाई!” सगळे पोट धरून हसले. केस पांढरे झाले, तरी धाकटीच्या कानातून ते हसणं गेलं नव्हतं.

आता थोरलीने वजन उतरवायचं मनावर घेतलं होतं. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ती आपला लग्नातला पोशाख घालून मिरवणार होती.

“शरीर जेवढं खर्चतं त्याहून कमी खायचं. मग ते अंगावरची चरबी जाळायला काढतं,” ती इस्त्री करणाऱ्या धाकटीला शिकवायची. “तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते!”

“वजनकाट्यावर उभ्या राहून बघा की, जाऊबाई.”

“काटा नको मेला. त्यात अंगातलं पाणीही मोजलं जातं. कपडा कधी खोटं बोलत नाही!”

आणि खरंच, थोरलीचे कपडे महिन्यागणिक सैल होत गेले. त्या खुशीत ती केकचा एखादा तुकडा जास्तीचा खाऊ लागली.

समारंभाला सगळं गणगोत जमलं. पेटीतला पोशाख थोरलीने श्वास रोखून कसाबसा अंगात चढवला, दिमाखात बाहेर आली, केक कापायला वाकली आणि पाठीवर टर्रकन आवाज झाला.



वर्षभर इस्त्रीच्या आधी थोरलीच्या बाकी प्रत्येक कपड्याची शिवण गुपचूप उसवून तो थोडाथोडा सैल करत आलेली धाकटी तिच्या कानाशी लागून म्हणाली, “कपडा कधी खोटं बोलत नाही, जाऊबाई!”